कांद्याचं पान, मागची बाजू

नाय नाय, ऋतुराजराव, इथंच तुमचं चुकतंय — वर्ड लई स्वच्छ कोड काढतं. उठू नका, पंख्याखाली सरका. तुम्ही म्हणता, वर्डमधून उचलून वेबसाइटवर चिकटवलं की पानामागं ढीगभर कचरा जातो — कुठाय कचरा? मला तर नाय दिसत. पान उघडलं की कांदा दिसतो, करपा दिसतो, फवारणी कधी करायची ते दिसतं. आता अक्षर मधीच मोठं होतं, मधीच जांभळं होतं — होऊ द्या की. मोबाइलवर ओळ उजवीकडं पळते, तर माणसानं मोबाइल आडवा धरावा. वैजापूरकडचे शेतकरी काय तक्रार करतेत का? करतेत, व्हय, करतेत — पण ते पावसाचीबी करतेत.

कृषी खात्यात जिंदगी गेली, रिटायर झालो, शेतकरी मंडळाच्या वेबसाइटवर दर आठवड्याला हे कांद्याचं पान लिहितो — अन् तुम्ही येऊन म्हणता, काकासाहेब, नवी सिस्टीम बसवतो, वर्डमधलं काहीबी टाका, ती आपोआप घासूनपुसून चढवील. कुणी सांगितलं घासायला? घासणारं माणूस आहे आमच्याकडं. आहे म्हणजे — चहा घ्या आधी. आतून मशीनचा आवाज येतोय ना, ती आमची मंडळी, दीपमाला. जुनी मऊ लुगडी फाडून रोज काहीतरी शिवत बसते, विचारलं तर म्हणते पायपुसणी. आता दोन माणसांच्या घरात इतके पाय आणायचे कुठून? पण विचारायची सोय नाय, लगेच म्हणते तुम्ही तुमचा कांदा बघा.

तर घासणारं माणूस. आमची लेक, संस्कृती. वेबसाइट तिनंच उभी केली, लग्नाआधी. मग तिनं लग्न केलं, आपल्या पसंतीनं — आम्हाला तारीख ठरल्यावर सांगितलं. मी गेलो नाय. तवापास्नं अबोला. लांब कुठं नाय हो, इथं हर्सूलला राहते, तळ्याच्या अंगाला. आपल्या या सिडकोतून रिक्षा धरली तर हा चहा गार व्हायच्या आत पोचतो माणूस. पण मी बोलत नाय, ती बोलत नाय — दोघंबी एकाच वाणाचे.

अन् तरी गंमत बघा — मी पान चढवायचं, वाकडंतिकडं, अन् दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळं सरळ. कोण करतंय? एक दिवस मी राइट क्लिक केलं, व्ह्यू सोर्स दाबलं, अन् आतल्या त्या कोडाच्या जंगलात एक ओळ — 'दादा, परत वर्डमधून चिकटवलंत?' मला दादा म्हणते ती. वाचणाऱ्याला ती ओळ दिसत नाय, त्याला कांदाच दिसतो. उद्गारचिन्ह, दोन रेघा, त्यांच्या पोटात लिहिलं की ब्राउजर बघून न बघितल्यासारखं करतो — ते तुम्हाला काय सांगायचं, तुमचा धंदाच आहे. मग मीबी त्या ओळीखाली तसंच लिहिलं. काय लिहिलं? लिहिलं, 'वर्ड चांगलं आहे.' तेवढंच. अबोला होता ना.

हसताय काय? व्हय, येतं मला स्वच्छ लिहायला, न येण्यासारखं काय त्यात — पण मीच घासून चढवलं तर ती उघडील कशाला? मागल्या उन्हाळ्यात मी वर्डमधून टेबल टाकलं, टेबलात आणखी टेबल. लई चिडली. एवढं लांबलचक लिहिलं आत, अन् शेवटी विचारलं, आईचा गुडघा कसाय. तर पुढल्या आठवड्यात मी आणखी एक टेबल टाकलं. माझं पोरीवाचून करमत नाय, झालं, बोललो. आता सांगा, तुमची ती सिस्टीम कचऱ्यासंगं ही आतली टिपणंबी काढून टाकते ना? टाकते. बघा. म्हणून म्हणतो, शेतकरी मंडळाला जाऊन सांगा — काकासाहेब म्हणले, वर्ड लई स्वच्छ कोड काढतं, दुरुस्तीची गरज नाय.

काय? मंडळानं नाय पाठवलं? मग कुणी?

ताईनं — कोण ताई? आमची?

बरं. कंटाळली म्हणा की. सरळ सांगा, मला राग नाय येत, मीच जास्ती केलं, टेबलात टेबल कुणी टाकतं का — तसं नाय? मग कसं? वेळ मिळणार नाय म्हणजे? नोकरी बदलली? काय म्हणालात — परत म्हणा.

सातवा महिना.

एवढं लिहीत होती, माझ्या करप्यातल्या चुका काढल्या, गुडघ्याचं विचारलं, अन् हे — काय म्हणली? असलं कोडात सांगायचं नसतं, म्हणली. व्हय. बरोबर आहे तिचं.

मशीन थांबली बघा. ऐकत होती ही. अगं, ती तुझी पायपुसणी इकडं आण — नको, राहू दे, दोन तिथं न्यायला पिशवीत भर, बाकीची इथंच लागतील. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तिच्या सासरी कुणी सांगितलंय का नाय कुणास ठाऊक, आता मलाच जाऊन बोलावं लागणार. ऋतुराजराव, बसवा तुमची सिस्टीम, खुशाल बसवा, पण उद्या या. आज टाइम नाय मला. उठा आता, अन् जाताना कोपऱ्यावरची रिक्षा तेवढी इकडं पाठवा.