सकाळी सांगितले नाही ते

नाव: मधुवंती यतिन सामंत. वय: ४४ वर्षे. धंदा: नोकरी, कौन्सिलच्या पावसाळी गटार विभागात इंजिनिअर. राहणार: पॉइंट कुक, मेलबर्न. हरवलेल्या व्यक्तीशी नाते: मुलगी, एकुलती.

आज रविवार, १२ एप्रिल, सकाळी ११ वाजून ८ मिनिटांनी पोलीस स्टेशनात स्वतःहून येऊन जबाब देते की, माझे वडील शिरीष गोविंद केळुसकर, वय ७४, हे आज सकाळपासून बेपत्ता आहेत. त्यांच्याबद्दल मी सकाळी ७.५० वाजता सीनियर कॉन्स्टेबल डॉसन यांना इंग्रजीत माहिती दिली होती. तिच्यातला महत्त्वाचा भाग खोटा आहे. इंग्रजीत मला खोटे सफाईने बोलता येते, ऑफिसात वीस वर्षे सराव झाला आहे. म्हणून आता मराठीत सांगते. दुभाषी नीलिमा पंडित फोनवर आहेत.

आधी जागा सांगते, कारण भरती चढते आहे. बाबा रस्त्याला नाहीत, गावातही नाहीत. आम्ही उतरलो आहोत त्या हॉटेलकडून समुद्राकडे तोंड केले की डाव्या हाताला काळा सपाट खडक आहे, ते त्या खडकावर गेले. डॉसन यांनी हे लगेच वायरलेसवर कळवले. मलाही तिकडे जायचे होते. नातेवाइकांना किनाऱ्यावर सोडत नाहीत, आणि शोधणाऱ्यांना त्यांच्या तब्येतीची खरी माहिती लागेल, असे सांगून मला इथे बसवले आहे.

तर तब्येत. बाबांना स्मृतिभ्रंश आहे. पुण्यातल्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी निदान केले. ती फाइल पॉइंट कुकच्या घरी माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीत आहे. ही गोष्ट मी, माझे पती यतिन आणि मुलगी निहारिका, वय १४, एवढ्यांनाच माहीत होती. आई गेल्यावर बाबांना मी इकडे आणले, पुण्याचा फ्लॅट विकला. तिकडे आता त्यांचे कोणी नाही. त्यांच्या कायमच्या व्हिसाची वैद्यकीय तपासणी पुढच्या महिन्यात आहे. हा आजार कागदावर आला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, असे एजंटने सांगितले होते. म्हणून इकडच्या एकाही डॉक्टरला आम्ही काही सांगितले नाही. घराच्या दाराला घंटी बांधली, ते बाहेर पडले की कळावे म्हणून. शेजारच्या पद्माकाकूंनी विचारले तेव्हा वास्तुशास्त्र म्हणून ठोकून दिले. त्यांनीही मग आपल्या दाराला बांधली.

सकाळी कॉन्स्टेबलनी विचारले की वडिलांना काही आजार, विसरणे, गोंधळणे असे काही आहे का. मी म्हटले, "नो, नथिंग, ही इज शार्प." एकटे चालायला जायची सवय आहे, पाण्याच्या वाटेला जात नाहीत, रस्त्यानेच गेले असतील, असेही मीच सांगितले. त्यावरून तीन तास सगळी माणसे रस्ता, गाव आणि बसथांबा धुंडाळत राहिली.

आम्ही इथे काल, शनिवारी दुपारी आलो. हॉटेल जपानी पद्धतीचे आहे, गरम झऱ्याचे, श्रीमती हायाशी चालवतात. यतिनची शिफ्ट होती म्हणून तो आला नाही. बाबांच्या वाढदिवसाचे निमित्त होते, पण खरे कारण मी होते. वर्षभर मी सलग झोपलेले नाही. दोन दिवस कोणीतरी ताट वाढावे आणि गरम पाण्यात बसू द्यावे, एवढेच मला हवे होते. बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना होता, एकट्याने स्नान करू शकत नाही असा कोणी पाहुणा आहे का. तिथे मी "नाही" लिहिले. पुरुषांचे स्नानघर वेगळे, मला आत जाता येत नाही, म्हणून बाबांना मी खोलीतच अंघोळ घातली.

तिथे बूट दारातल्या फळीवर ठेवायचे आणि आत सगळ्यांनी हॉटेलचा निळा-पांढरा सुती किमोनो घालायचा, अशी रीत आहे. बाबांना तो आवडला. जेवण खोलीतच आले. इथलेच मासे, शिंपले, आणि समोर छोट्या शेगडीवर भाजलेली कालवं. बाबा गेले कित्येक महिने घास भरवल्याशिवाय जेवत नाहीत. काल त्यांनी स्वतःच्या हाताने अकरा कालवं खाल्ली. निहारिका म्हणाली, "Look at Ajoba go!" आम्ही तिघेही हसलो. असे शेवटचे कधी हसलो होतो ते मला आठवत नाही.

मग बाबा मालवणीत बोलायला लागले. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मला म्हणाले, "फाटफटी ओहोटीक जावया. आवशीक कालवां व्हयी." म्हणजे पहाटे ओहोटीला जाऊ, आईला कालवं हवीत. माझी आजी जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली. मी म्हटले, "हो, जाऊ हं. आता झोपा." अशा माणसाशी वाद घालू नये, हो ला हो करावे, हे पुण्याच्या डॉक्टरांनीच शिकवले होते. त्या शिकवणीने घरात शांतता राहिली हे खरे. काल मात्र मी त्यांचे ऐकतही नव्हते. मासे थंड होत होते.

आज पहाटे ६.१० ला मी उठले. बाबा आणि निहारिका झोपले होते. मी स्नानाला गेले. तिला उठवून "आजोबांकडे बघ" असे सांगायला हवे होते, सांगितले नाही. खोलीचे दार कागदी आणि सरकते आहे, कडी नाही, आवाजही होत नाही. घंटी मी घरून आणली नव्हती. सुट्टीवर कशाला, असे वाटले.

बायकांचा उघडा हौद समुद्रावर आहे. फोन, घड्याळ काही नेता येत नाही. वाफेने धुके होते म्हणून चष्मा काढून ठेवला. मी खोटे बोलणार नाही, मला फार बरे वाटले. उजाडताना लांब काळ्या खडकावर एक निळे-पांढरे माणूस वाकलेले दिसले, शेजारी बादलीसारखे काहीतरी. स्वयंपाकघरातला कोणी कालवं काढतोय, असे मी धरून चालले. याला रोज हा समुद्र मिळतो, काय नशीब घेऊन आलाय, असाही विचार आला. मी त्याच्याकडे बरीच मिनिटे बघत होते.

७.०५ ला खोलीत आले तर बाबा नाहीत. त्यांचे बूट फळीवर होते, त्यामुळे ते इमारतीतच असणार असे धरून आम्ही अर्धा तास आतच शोधत बसलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितले की साडेसहाच्या आधी किमोनोतले एक आजोबा लाकडी बादली घेऊन गेले, तिला वाटले स्नानाला. मलाही तेच वाटले. बादली पाहून मला खडक आठवला नाही. आठवायला हवा होता.

पोलीस आल्यावर मी यतिनला फोन केला. तो म्हणाला, "आजाराचं आत्ता काही बोलू नकोस. तासाभरात सापडतील, मग उगाच सगळं व्हायचं." मी त्याच्यावर ढकलत नाही. मी त्याला फोन केला तोच हे ऐकायला. तो आता गाडीने इकडे यायला निघाला आहे.

साडेनऊला निहारिका मला म्हणाली, "Mum, they're looking in the wrong place. Just tell them." मी तिला गप्प बसवले. "मोठ्यांच्या गोष्टीत पडू नकोस," असे म्हटले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

१०.४५ च्या सुमारास श्रीमती हायाशी चहा घेऊन आल्या. मी त्यांना विचारले, तुमचा सकाळी खडकावर गेलेला माणूस परत आला का, त्याने कोणाला पाहिले असेल. त्या म्हणाल्या, "आमचं कोणीच खडकावर जात नाही. कालवं गाडीने येतात." त्यानंतर त्यांनी मला धरून खाली बसवले. त्यांच्याच गाडीने मी इथे आले.

शोधणाऱ्यांसाठी: बाबा साधारण साडेपाच फूट, सडपातळ, पायात काही नसावे, कालवं काढायला ते अनवाणीच जायचे. पोहता येत होते, आता येते का माहीत नाही. इंग्रजीत मोठ्याने हाका मारल्या तर घाबरून लपतील. जवळ जाऊन हळू हात धरावा, मग येतात.

११.२३ वाजता वायरलेसवर निरोप आला की खडकाच्या खाचेत लाकडी बादली सापडली आहे. माणूस दिसत नाही. खडकाच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या घळीत पाणी भरले आहे. पूर्ण भरती पावणेएकला आहे. बोट निघाली आहे.

बादलीत काय आहे ते विचारा, असे मी सांगितले. उत्तर आले की निम्मी कालवांनी भरलेली आहे. याची नोंद घ्यावी. निम्मीच भरली आहे. माझ्या बाबांनी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली, एक दिवस काम अर्धे टाकून उठले नाहीत. म्हणजे ते बादलीपासून लांब गेलेले नाहीत. जवळच कुठेतरी पुढचे कालव शोधत असतील. बोटीवाल्यांना हे माझ्या शब्दांत सांगावे. मी घाबरून काहीही बरळते आहे असे समजू नये.

डॉसन यांनी विचारले की हा जबाब इतर खात्यांकडे जाऊ शकतो, आजार आणि व्हिसाचा मजकूर वगळायचा आहे का. वगळू नये. बाबांना परत पाठवायचे असेल तर पाठवा. पण पाठवायला ते हवेत ना.

मला बोटीवर घ्यावे अशी विनंती मी तिसऱ्यांदा करते. बाबा मला ओळखतील याची खात्री नाही. गेल्या महिन्यापासून ते मला कधी पद्माकाकू समजतात, कधी नर्स. तरी मला न्यावे.

हा जबाब दुभाषी नीलिमा पंडित यांनी फोनवरून मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. सावकाश नको म्हटले होते, पण नियम आहे म्हणाल्या. तो मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे. सकाळचा फाडू नये, याला जोडावा.

सही: मधुवंती सामंत. वेळ: ११.४१.