भिंगरी, हात पाण्यातून काढ

हॅलो?

हो, मीच बोलतेय. कोण?... भिंगरीची आई! अहो, बोला ना. नंबर नवा दिसला, म्हणून ओळखलं नाही...

थांबा, फोन का केलात ते मीच सांगते. जेवताना प्रत्येक घासाला डोळे गच्च मिटतेय ना?... माझाच पराक्रम तो! दोन आयांचे फोन येऊन गेले आधीच. अहो, बेडूक तसाच गिळतो. डोळे आत ओढतो आणि त्यांनीच घास खाली ढकलतो. आज उभयचर शिकवले ना, पाण्यातही राहणारे नि जमिनीवरही... मग काय, डब्याच्या सुट्टीत सगळा वर्ग बेडूक! मुख्याध्यापिकाबाई दारातून बघून म्हणतात, सगळ्यांचे एकदम डोळे आलेत की काय...

काय?

नाही, नाही... बोला. ऐकतेय.

बादलीत?

कधीपासून?... शाळेतून आल्यापासून?

अहो, तो गॅस बंद करा आधी... तुम्हाला नाही, आमच्या ह्यांना म्हटलं. तुम्ही बोला.

उजवाच हात ना?... हो, उजवाच असणार. काय विचारतेय मी तरी.

नेमकं काय म्हणाली ती तुम्हाला?... 'बाई म्हणाल्या, येतील.'

हो.

हो. म्हणाले मी तसं.

अहो, ऐका ना, पहिल्यापासून सांगते... नाही, सारवासारव नाही करत. ऐका तर. शोभेचे मासे विकणारा एक ओळखीचा आहे, त्यानं एका दिवसापुरती काचेची पेटी दिली होती. आत एक ॲक्सोलोटल. बेडकाच्याच नात्यातला, पण शेपटीवाला. गुलाबी, मानेजवळ पिसांसारखे कल्ले. जन्मभर बाळच राहतो तो, मोठा होतच नाही. पोरं नुसती वेडी झाली. त्याचा एक पाय दुसऱ्या ॲक्सोलोटलनं चावून तोडलेला, आणि तिथंच नवा फुटत होता. इवली इवली बोटंसुद्धा दिसत होती. मी भिंग फिरवलं वर्गात. म्हटलं, बघा, बोटं येतायत, बोटं! तुटलं तरी परत येतं!

नाही. तेव्हा नाही सुचलं मला. पहिल्या बाकावर बसते ती, माझ्या पुढ्यात, तरी नाही सुचलं. इतकी रंगात आले होते.

मग तिनं हात वर केला... तोच हात. 'बाई, माझी पण येतील?'

नाही हो, गडबडीत म्हणाले असंही नाही. तसं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पाहिला मी हात. दोन बोटं नसलेला हात माझ्यासमोर होता, सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला 'नाही' म्हणवेना. म्हटलं, येतील की, का नाही येणार? पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी... मी पुढचं शिकवायला लागले.

बोला. बोला तुम्ही, मी मध्ये नाही बोलत.

हो. खरं आहे.

हो, तेही खरं आहे.

छे हो, जास्त कुठं बोललात... कमीच बोललात.

मी असं करते, उद्या शाळेत तिला जवळ घेऊन नीट... आत्ता? आत्ता फोनवर कसं सांगायचं हो? समोर बसवून, हात हातात घेऊन...

जेवली नाही?... कातडी पार सुरकुतलीय?... आणि हात ओढायला गेलात तर चावली तुम्हाला?

नाही, बरोबर आहे तुमचं. उद्याचं नाव मी पळायलाच काढलं. द्या तिला.

काय म्हणालात? हळू का बोलताय? ऐकू नाही आलं...

नाही हो.

नाही. लहान मुलांनाही नाही येत... मोठ्या डॉक्टरांकडेसुद्धा नाही असं काही. म्हणजे तुम्हालाही क्षणभर... माझ्या त्या एका वाक्यानं तुम्हीसुद्धा... अहो, रडू नका ना. मला फोन कानाला धरवत नाहीये लाजेनं.

कोणी? दार?... पण ते वाऱ्यानं आपटलं ना तिच्या बोटांवर? भिंगरीनंच सांगितलं होतं मला.

तुम्ही लावलंत.

आणि तिला वारा म्हणून सांगितलंत... मी कोण हो तुम्हाला बोलणार? आज तर मुळीच नाही.

नाही, माझ्याकडून नाही कळणार तिला. द्या फोन. आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसा जरा. पाणी प्या.

हॅलो? भिंगरी?

हो, बाई बोलतेय. जेवली नाहीस म्हणे? आज बेडूक होऊन जेवायचं नाही?... बरं. नाही तर नाही.

गार की कोमट? अगं, त्यानं काही... मीठ? मीठ कशाला घातलंस! आग होतेय का?

भिंगरी, हात पाण्यातून काढ, बाळा... अगं, ऐक ना. ऐक ना गं. बाईच सांगतायत... हो, महिना-दोन महिने लागतात म्हटलं होतं मी. पण ते त्याचं झालं. तुझी नाही येणार.

नाही. वर्षानंही नाही.

नाही गं, चुकून नाही. खोटं बोलले मी. मला माहीत होतं माणसांना येत नाहीत ते. तरी म्हटलं.

का म्हणजे... घाबरले... तुला नाही गं. तुझं तोंड एवढंसं झालं असतं, त्याला घाबरले. सगळे बघत होते, त्याला घाबरले.

हो, बाईसुद्धा.

अजून एक विचारायचंय?

विचार की... त्यालाच का येतात? असं बघ, आपल्याला लागलं ना, की शरीर घाईघाईनं वर कातडी ओढून घेतं. झालं, काम संपलं. त्याचं शरीर तिथं थांबत नाही. आतल्या आत पुन्हा पहिल्यापासून पाय घडवायला बसतं. कसं जमतं ते शोधणाऱ्यांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. मलाही नाही कळत. हे खरं सांगतेय.

हो, आता तुला कसं कळणार कुठलं खरं... बरोबर आहे तुझं.

उद्या वर्गात मी सांगेन सगळ्यांना. तू एक अक्षर बोलायचं नाहीस... तुझ्याकडे बघू नको? नाही बघणार. फळ्याकडे तोंड करून सांगू?... बरं, खिडकीकडे.

माफ नाही करणार?... नको करूस. मी मागतही नाही.

काढलास? हां. स्वच्छ पाण्यानं धू आधी, मीठ आहे त्यात. मग पूस.

का गं? अगं, रडतेस का अशी... आईसाठी? आईला काय करायचीत तुझी बोटं?... एकही दार लावत नाही? मोरीचंसुद्धा?... आणि बोटं आली की लावेल, असं वाटलं तुला.

थांब, थांब. पुन्हा सांग. वारा नव्हता, हे तुला... कधीपासून माहीत आहे?

बघितलंस तू.

आणि तरी मला वारा सांगितलास... आईला वाईट वाटू नये म्हणून.

नाही, ओरडत नाहीये. भिंगरी, हे मला नको सांगूस. आईला जाऊन सांग. आत्ता... चिडणार नाही. रडेल कदाचित. रडली तर रडू दे, तू तिथंच बस... काय म्हणायचं ते मी कशाला सांगू? तुझं तू म्हण. माझं शिकवून झालंय आज, पुरे झालं तेवढं.

जा. ओल्या पायांनी पळू नकोस.

हॅलो?... भिंगरी?

अहो, गॅसपाशीच थांबा, बोलू नका जरा. चालूच ठेवून गेली फोन... आवाज येतोय दोघींचा... नाही, भांडण नाही... मला नका विचारू काय बोलतायत. आपण ऐकायचं नाही ते. मी तर नाहीच नाही.

भिंगरी, मी ठेवतेय गं फोन... तुला जाणार नाही ऐकू. तरी सांगून ठेवते.