विहिरीतल्या शिशाचं मूळ गाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, प्राध्यापक मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला जीव धजत नाही त्या भूगर्भशास्त्राच्या बबिता मॅडम, सर्वांना माझा नमस्कार. मी वत्सलाबाई, चौसाळ्याजवळच्या वस्तीची सरपंच. कॉलेजच्या समारंभात माझं काय काम, असं कुणाला वाटेल. तेच सांगते.

माझे दीर आसाराम भाऊजी. त्यांच्या कोरड्या विहिरीत जड, चकाकते दगड निघाले. लगेच एक माणूस जीप घेऊन हजर. म्हणाला, ही शिशाची खाण आहे, रानं आमच्या नावावर करा, तुम्हाला भागीदारी देतो. अख्खी वस्ती सहीला तयार झाली. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी दोन दगड उचलले आणि म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत सही करू नका.

लोकांनी त्यांची गाडी अडवली. भाऊजी पुढं झाले. "तुमचं भागलं, बाई. आमचं काहून आडवता?"

"दगड पळून जात नाही, आसारामभाऊ. जमीन गेली की येत नाही."

गाडी सुटली, पण महिनाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. जीपवाला रोज यायचा. लोकांच्या सह्या मी काय तोंडानं थांबवत होते, माझं मलाच ठाऊक.

निकाल आला. मॅडम फोनवर सांगू शकल्या असत्या; पण एकट्या वस्तीवर आल्या. मारुतीच्या पारावर समजावलं: शिशाचे अणू कमी-जास्त वजनाचे असतात, त्यांचं प्रमाण खाणीगणिक वेगळं. हे प्रमाण राजस्थानातल्या फार जुन्या खाणींशी जुळतं. ते शिसं जमिनीत तयार झालं, तेव्हा आपल्याकडचा काळा दगड जन्मलाही नव्हता; म्हणजे हे दगड बाहेरून आलेले.

"म्हंजी आमी टाकलं?" भाऊजींच्या हातात पहार होती.

"कुणी टाकलं ते शिसं सांगत नाही. कुठलं, एवढंच सांगतं."

"अन् हितलंच निघालं असतं तर?"

"तर तेही इथंच येऊन सांगितलं असतं."

भाऊजी तडक विहिरीत उतरले. पहारीचे घाव ऐकू येत होते. मग थांबले. चकाकत्या दगडांमागून सिमेंट निघालं होतं. जीपवाल्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

भाऊजी वर येईनात. हाका मारून आम्ही थकलो. काठावर बसून मॅडम एवढंच म्हणाल्या, "येतील. लाज वाटतेय त्यांना. तुम्ही सगळे जरा लांब व्हा."

आम्ही बाजूला झालो. दिवस कलल्यावर ते वर आले, तेव्हा हात द्यायला त्याच होत्या.

मॅडम, आमची रानं आमच्याकडं आहेत. वस्तीच्या वतीनं तुमचे उपकार मानते. प्राचार्य साहेब, मला बोलायला उभं केलंत, आपलीही आभारी आहे. माझ्या गावठी बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला.