घाटकोपरचा अर्धा सामना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विद्याधर सामंतसाहेब, शाळा समितीचे सन्माननीय सदस्य, मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई, पालक आणि मैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण इथे जड मनाने जमलो आहोत त्या आमच्या खेळाच्या शिक्षिका सुलक्षणा धुरीबाई, आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी कुंदा परब, याच शाळेची माजी विद्यार्थिनी. निघताना आईने बजावलं होतं, "बाईंचे गुण सांग आणि खाली बस. ता जुना काय एक काढू नको." पण ते जुनं काढल्याशिवाय बाईंचे गुण सांगायचे तरी कसे?

त्र्याऐंशी सालची, दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नववीत होते. घाटकोपरला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता आणि मध्यंतराला आम्ही पुढे होतो. चढाया बहुतेक माझ्याच होत्या. उंच, रुंद खांद्यांची, केस कापलेले, आवाज घोगरा. मी चढाईला गेले की दोरीपलीकडून प्रेक्षक ओरडायचे, "ए, पोरगा की पोरगी?" त्याची सवय झाली होती. अशा गोष्टींची सवय व्हावी का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला होता?

मध्यंतरात समोरच्या संघाचे प्रशिक्षक पंचांच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "ही मुलगी नाही. तपासून घ्या, नाहीतर आमचा संघ उतरणार नाही." संयोजकांनी बाईंना समजावलं, "त्या खोलीत एक बाई थांबल्यात. पोरीला आत पाठवा, लगेच होईल. उगाच वाद कशाला वाढवायचा?"

खोली म्हणजे मैदानाच्या कडेची सामान ठेवायची जागा. मी तिच्या बाहेर बाकावर बसले होते. आत एक अनोळखी बाई पदराने वारा घेत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

त्या अनोळखी बाईची भीती वाटत होतीच. पण दुसरी भीती तिच्याहून मोठी होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. वर्गातल्या मुली ज्या कारणाने अधूनमधून खेळाच्या तासाला बसून राहायच्या, ते कारण मला अजून आलं नव्हतं. मला वाटलं, हे लोक म्हणतात तेच खरं निघालं तर? मी घरी कोण म्हणून जाणार?

धुरीबाई आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "कुंदा, तुला आत जायचंय?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मग कसंबसं म्हटलं, "बाई, खरंच काही निघालं तर?"

"काय निघायचंय गं? तू माझ्या संघातली आहेस. मला एवढं पुरतं." त्या उठल्या, टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मुलीला कुणी हात लावायचा नाही. आम्ही सामना सोडतोय."

आमची कर्णधार शेवंती रडायलाच लागली. "जिंकत होतो ना आपण, बाई!" आम्हाला पुढे घालून बाई मागून चालल्या. काही टोळभैरव बसस्टॉपपर्यंत मागे आले. काय ओरडत होते, ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. बस येईपर्यंत बाई त्यांच्या आणि आमच्या मधे उभ्या होत्या. बसमध्ये त्यांनी तिकिटाचे पैसे तीनदा मोजले. तरी ते चुकले. बाई, तुम्हालाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी शाळा सोडून घरात बसले. बाई आमच्या चाळीत आल्या. आई त्यांना म्हणाली, "एकदाची तपासणी करून टाकूक होयी होती. लोकांची तोंडा तरी बंद झाली असती."

"आज एका खोलीत नेली असती," बाई म्हणाल्या, "मग प्रत्येक मैदानावर एक खोली निघाली असती."

सामना सोडल्याबद्दल बाईंना जाब विचारला गेला. मुलींचा संघ वर्षभर बंद राहिला. मी शाळेत परतले होते; पुढे संघ पुन्हा सुरू झाला, तेव्हा खेळायलाही गेले. भीती गेली होती म्हणून नव्हे, भीत भीतच गेले. मला जे यायचं होतं ते उशिरा का होईना, आलं. आईने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र तेव्हा रडू आलं. आलं नसतं तर मी कोण ठरले असते? बाईंनी मला तो प्रश्न कधीच विचारला नव्हता.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. उद्यापासून मुलींचा सराव समितीने माझ्याकडे दिला आहे. गेल्या महिन्यात मुलुंडच्या सामन्यात आपल्या आठवीतल्या एका मुलीकडे बोट दाखवून एक गृहस्थ हसत म्हणाले, "हा पोरगा कुठून आणला?" उद्या ते टेबलाशी गेले तर? बाईंसारखं मला बोलता येईल?

समोर माझे होणारे सासू-सासरे बसले आहेत. सून भाषण करणार म्हणून कौतुकाने कांदिवलीहून आले आहेत. यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. काका, काकू, लग्न ठरलंय ते राहील की मोडेल, मला माहीत नाही. पण तुमच्यासमोर गप्प राहिले असते, तर त्या टेबलासमोर माझं तोंड उघडलंच नसतं.

समितीने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बाई, तुमचं पुढचं आयुष्य सुखाचं जावो. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि पालकांना एक विनंती आहे. उद्या सरावाला तुमच्यातलं कुणीतरी मैदानावर या. मला एकटीला भीती वाटते.