रक्तातला गंज

शहाद्याच्या एका दवाखान्यात माझ्याच बाकावर सारंगखेड्याचे भटूआबा आणि कलाबाई बसले होते. सकाळपासून आबांची छाती दाटत होती. तपासायला रक्त नुकतंच देऊन झालं होतं आणि आबांना घरी जायची घाई झाली होती.

"ईसीजी चांगला शे. चाल घर. गॅस शे."

"रगतना रिपोर्ट येऊ द्या, मंग जाऊत."

"पन दोन नळ्या काबर भरी लिन्ह्यात?"

"एक झटका शे का ते देखाले. दुसरी डॉक्टरीणना अभ्यासले. लोखंडले गंज चढस ना, तसं रगतमा काय व्हस ते मोजतीन. त्यावरथीन झटका लवकर समजस का, ते देखतीन."

"चाळीस वरीस तुन्हा टोमणा खाईसन चढना व्हई गंज."

"मंग एक नळी कमी पडी."

"गाडीनी चावी दे."

"पदरले बांधेल शे. सोडा बरं."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आबा, ईसीजीत दिसलं नाही, पण रक्तात दिसतंय. झटकाच आहे. वेळेवर आलात. आता चालायचं नाही, स्ट्रेचर येतंय."

चावी बांधलेला पदर कलाबाईंनी डोळ्यांना लावला.

"आते काबर रडस? तुन्हंच खरं निंघनं ना."

"आज मी खोटी पडाले पाहिजे व्हती."