गाड्या नसलेला रस्ता

सायकल चालवायची तर गाड्या नकोत, हा माझा हट्ट मला एकदाच महागात पडला. करडी गावातल्या चहाच्या टपरीवर एका आजोबांना विचारलं, "नदीकडे जाणारा, गाड्या नसलेला रस्ता कोणता?"

"एकटेच फिरून राहिले सर? मॅडम नाही आल्या?"

"ती गेली मागच्या वर्षी."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मंग त्या जंगलातून तुमाले एकटं नाही सोडत मी," म्हणत ते सरळ कॅरिअरवर बसले.

मला तर एकांतच हवा होता. जीव द्यायला चाललेलो नाही, हे टेकडीच्या चढावर धापा टाकत मी तीनदा सांगितलं. ते उतरेनात.

नदीकाठचं गाव येताच मात्र टुणकन उतरले.

"चला, चहा घ्या. पोरीचं घर हाय इथं. दोन महिने झाले, यायचंच होतं. ह्या रस्त्यानं गाडीच येत नाही ना बाप्पा!"