पाण्यात राहून मासा न खाणारं जनावर

...नाही, नाही, मला शांत राहायला सांगूच नका, कारण आजवर शांत राहूनच माझ्यावर ही वेळ आलीय, आणि जिला स्वतःच्या घरात एक साधा पाणघोडा सिद्ध करता आला नाही त्या बाईने शांत राहायचं तरी कशाच्या जोरावर, तुम्हीच सांगा. पाणघोडा हो. हिप्पो. मोठ्ठा, करडा, मान नसलेला, पाण्यात बसून राहतो तो. तुम्हाला माहितीये ना? असतो ना तो? बघा, सगळे माना डोलावताय. आता अश्शाच पनवेलला येऊन आमच्या सासूबाईंसमोर डोलावून दाखवा, मी तुमच्या पाया पडते.

तुम्हाला सांगते, सगळं सुरू झालं माझ्या मुलीच्या, रियाच्या अभ्यासावरून. मी घरीच शिकवण्या घेते, आळीतली पोरं येतात, त्यांच्यातच हीही बसते. तर मी आपली शिकवतेय, 'पाणघोडा दिवसभर पाण्यात राहतो आणि गवत खातो.' साधं वाक्य. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आत सासूबाई बोंबील साफ करत बसलेल्या, त्यांचे हात थांबले. आतून आवाज, 'काय खातं म्हनलीस?' मी म्हटलं, 'गवत, आई.' 'आनि राहतं कुठं?' म्हटलं, 'पाण्यात.' झालं. बाई तशाच बोंबलाच्या हातांनी बाहेर आल्या आणि पोरांसमोर उभ्या राहिल्या.

आता सासूबाई म्हणजे कोण, तर सोनाबाई. माहेर उरणच्या खाडीकाठचं, उभा जन्म गेला पनवेलच्या मासळी बाजारात. गुडघ्यांमुळे डोक्यावरची पाटी सुटली, पण बाजार काही सुटला नाही. रोज सकाळी जाऊन जनीमावशीच्या पाटीशेजारी बसायचं आणि तिच्या गिऱ्हाइकांशी आपण भांडायचं, हा नेम. अशा बाईला मी पाण्यातलं जनावर शिकवत होते! मला म्हणाल्या, 'आमच्या खाडीत बोय हाय, निवटी हाय, जिताडा हाय, चिंबोरी हाय. सगली एकमेकांना खातात. बगला काठावरून खातो, मांजर चोरून खातं, मानूस इकत घेऊन खातो. पान्यात राहून मासा खात नाय? असं जनावर नसतं गो.'

आणि गेल्या आत. वाद संपला. माझी पोरं माझ्याकडे बघतायत. एकाने तर खोडरबर काढून वहीतलं वाक्य पुसायलाच घेतलं.

तुम्ही म्हणाल, सोडून द्यायचं, म्हातारी बाई आहे. कसं सोडू? लग्न करून त्या घरात आल्यापासून मी एकदाही, एकदाही बरोबर ठरलेले नाही. मी म्हणाले आज पाऊस नाही, पापड वाळत घालू... पापड भिजले. मी म्हणाले हा सरंगा ताजा आहे... तो नव्हता. मी म्हणाले शेजारची आभा काही त्या मुलाशी लग्न करत नाही... तिला आता जुळी आहेत. दर वेळी सासूबाई ओरडत नाहीत, बोलत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघतात. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. आणि आता कुठे देवाने मला असा एक विषय दिला होता ज्यात मी शंभर टक्के, छापील पुस्तकासकट बरोबर होते. हा मी सोडू? म्हटलं, काही झालं तरी हा पाणघोडा मी यांना दाखवणारच.

आधी मोबाईलवर दाखवला. चांगला तोंड वासून गवत खाणारा पाणघोडा. सासूबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, 'मी पन नाचले व्हते ना त्या अस्वलाबरोबर?' आता हे रियाचं कर्तृत्व. तिने गणपतीत आजीचा फोटो घेतला, मोबाईलला काहीतरी सांगितलं, आणि आजी नऊवारीत अस्वलाबरोबर नाचतेय असा व्हिडिओ काढून आख्ख्या नात्यात पाठवला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे... मोबाईलवरचं काहीही खरं धरायचं नाही. डोळ्यांनी बघितलं तरच खरं. माझा नवरा, कुंदन, त्याला म्हटलं तू तरी बोल. तो म्हणाला, 'तुझंही बरोबर आहे, आईचंही बरोबर आहे.' अरे, पाणघोडा एक तर असेल नाही तर नसेल, त्याच्यात तुझं मधलं काय?

मग ठरलं, मुंबईला जायचं, प्राण्यांच्या बागेत. आता वार. आमच्याकडे बाहेर जायचं म्हणजे डब्यात तळलेली सुरमई आणि कोलंबीचं सुकं हवंच, त्याशिवाय ती सहल नव्हे, तो दवाखाना. मग सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार साईबाबांचा, शनिवार मारुतीचा, हे चार गेले. शुक्रवारी माझा उपास. रविवारी आमच्या नात्यात कुणाची ना कुणाची हळद असतेच, आणि हळदीला गेलं नाही तर माणूस मेल्यावरसुद्धा लोक बोलतात. राहिला कोण? बुधवार. कुंदन कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात कामाला, त्याने तब्येतीचं कारण सांगून रजा घेतली, शेजारच्या विश्वजीतची गाडी मागून घेतली, कळंबोलीच्या ट्रकांमधून वाट काढत, वाशीचा पूल ओलांडून, घामाघूम होऊन आम्ही बागेच्या दारात पोचलो... आणि दाराला कुलूप! दर बुधवारी बाग बंद. का? तर म्हणे प्राण्यांना विश्रांती. अहो, तो दिवसभर पाण्यात बसून असतो, त्याला आणखी कसली विश्रांती?

मी कुलपाकडे बघतेय, सासूबाई माझ्याकडे बघतायत. शांतपणे म्हणाल्या, 'माल असला तर पाटी झाकून कोन बसतं?' आणि तिथेच फुटपाथवर डबा उघडून त्यांनी सुरमई खाल्ली. वर त्या रखवालदारालाही दिली. त्याला विचारलं, 'आत ते घोडं पाल्लंय, ते खातं काय रे बाबा?' तो तोंडात सुरमई घेऊन म्हणाला, 'गवत, आजी.' 'मासा?' 'नाय खात.' सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, 'लेकराला पगारासाठी काय काय बोलायला लागतं बघ. पान्यात राहून मासा खात नाय? असं जनावर नसतं गो.'

आता हे घरातल्या घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात ही बातमी! मी कोथिंबीर घ्यायला गेले तर जनीमावशी पाटीमागून, 'काय गो चारुता, सासूला कुलूप दावून आनलास म्हनं?' आणि सगळ्या बायका हसल्या. म्हटलं, हसा. हसून घ्या. मी पुन्हा जाणार.

पुन्हा गेलो. रविवारी. आणि कसे गेलो माहितीये? शैलेशची हळद बुडवून! शैलेश म्हणजे कुंदनचा सख्खा मावसभाऊ. पाणघोड्यासाठी हळद बुडवणारी मी पनवेल तालुक्यातली पहिली सून असेन. तिथे ही गर्दी! कसेबसे कठड्याला चिकटलो. समोर तळं, तळ्यात हिरवंगार पाणी, आणि पाण्यावर बुडबुडे. बस्स. बुडबुडे. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, दिसला का हो? 'आत्ताच होता!' पलीकडच्या बाईंना विचारलं. 'अय्या, आत्ताच गेला की खाली!' एक बाप खांद्यावरच्या मुलीला सांगतोय, 'ते बघ नाक, ते बघ पिलू, दिसलं नाक?' मीही बघितलं. वडाचं वाळकं पान होतं ते. ती मुलगी बिचारी पानाला टाटा करत होती. मला एक सांगा, त्या बागेत 'आत्ताच होता' हे ज्याला त्याला दिसतं, मग मी येते तेव्हाच हा बुडी का मारतो? माझं त्याने काय खाल्लंय? काय खाणार म्हणा, गवत.

आम्ही थांबलो, थांबलो, रियाचे पाय दुखायला लागले. सासूबाई कठड्यावर कोपर टेकून त्या बुडबुड्यांकडे अशा बघत होत्या, जशा लिलावात दुसऱ्याच्या मालाकडे बघायच्या. मग म्हणाल्या, 'निवटी हाय, चिखलातली मासली. मोठी हाय, पन निवटीच.' आणि बाजारात जाऊन सांगितलं, 'सून घोडा दावते बोलली नि शेवाल दावून आनलं.' माझ्या शिकवणीतली एक आई मला थांबवून म्हणते, 'मॅडम, ते पाणघोड्याचं परीक्षेला येणार आहे का? नाही, म्हणजे आजी म्हणतात तो नसतो.' बघा, माझं पोट ज्याच्यावर चालतं ते शिकवणंसुद्धा आता पणाला लागलं!

तेव्हा मात्र मी हट्टालाच पेटले. मंगळवार धरला. सासूबाई म्हणाल्या, 'भाजी-चपातीवर जनावर बघायचं?' म्हटलं, हो, भाजी-चपातीवरच. तोही गवतावर जगतो, एक दिवस आपणही जगू. दार उघडायच्या आधी आम्ही दारात. वाघ नाही, पेंग्विन नाही, रियाला म्हटलं इकडेतिकडे बघायचंसुद्धा नाही. थेट तळं. कठड्याला धरून उभी राहिले. बुडबुडे आले, गेले. ऊन चढलं. कुंदन म्हणाला, 'जाऊ या का?' मी नुसतं बघितलं त्याच्याकडे... हो, सासूबाईंसारखंच बघितलं, शिकलेय मी आता. आणि मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तिकीट काढलंय, माणसं आणलीत, जनावर दाखवायचं काम कुणाचं? मी जातेच ऑफिसात.

गेले. तिथले साहेब फार सज्जन होते, हेच वाईट. सज्जन माणसाशी भांडण लवकर संपत नाही. 'मॅडम, तो त्याच्या मर्जीने वर येतो.' म्हटलं, मर्जी? मर्जी सांभाळायला माझ्या घरी माणसं कमी आहेत का, की मी पनवेलहून इथे यावं? 'मॅडम, तो आहे, मी तुम्हाला खात्रीने सांगतो.' म्हटलं, मला नका सांगू, मला माहितीच आहे, माझ्या सासूबाईंना सांगा. 'मग त्यांना इकडे घेऊन या.' म्हटलं, त्या येणार नाहीत, तुम्ही चला, नाही तर त्याला बाहेर बोलवा, नावाने हाक मारा, काहीतरी नाव ठेवलं असेल ना त्याचं? असं आमचं चाललेलं, आणि बाहेरून एकदम मोठा गलका. माणसं ओरडतायत, शिट्ट्या वाजतायत. धावले हो. ह्या वयात, चपला हातात घेऊन धावले.

पोचले. पाणी हलत होतं. बुडबुडे.

रियाचे डोळे हे एवढे. कुंदनने तोंड उघडलेलं, ते मिटायला विसरलेला. फोटो? फोन माझ्याकडे, मी साहेबांना पुरावा दाखवायला नेला होता, आणि कुंदनचा गाडीत. आणि काढला असता तरी काय, आमच्या घरात फोटो खरा धरत नाहीत. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या कठडा सोडून बाकावर बसल्या होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या. म्हणाल्या, 'आला गो. आख्खा काठावर आला. आनि ती पेंढी टाकलेली ना, तिच्यातलं गवतच खाल्लन.'

जिंकले! इतकी वर्षं, इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या तोंडून आलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, 'मग? मी काय सांगत होते?' सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. तेच बघणं. म्हणाल्या, 'तू सांगत व्हतीस. पन तू बघितलास काय?'

नियम त्यांचाच, डोळ्यांनी बघितलं तरच खरं, आणि डोळे भरून बघितलं कुणी, तर त्यांनी! बुधवारी आख्खा मासळी बाजार धंदा सोडून त्यांच्याभोवती. 'तोंड उघडलं तर दोन पाट्या आत जातील. दात असे, आनि त्या दातांनी खातं काय, तर गवत! पान्यात राहून मासा खात नाय, असं जनावर असतं बायांनो, मी बघितलंय.' मी मागून म्हटलं, अहो, हेच मी पहिल्यापासून सांगतेय. तर जनीमावशी माझ्याकडे वळून, 'तू गप ऱ्हा गो. तू व्हतीस काय तिथं?' आता आळीतल्या पोरांचे बाप सासूबाईंना नमस्कार करून विचारतात, आजी, हत्ती मोठा का पाणघोडा मोठा? आणि ज्या बाईने तो पुस्तकातून काढून यांच्यापर्यंत आणला, ती आत पोळ्या लाटतेय.

पण मी हार मानणारी नाही. काल संध्याकाळी पर्स उचलली, म्हटलं, शुक्रवारी मी एकटी जाणार, उपास तर उपास, कठड्यापाशी बसून राहीन, डबा नको, नवरा नको, साहेब नको, तो वर येईपर्यंत डोळ्याची पापणी हलवणार नाही. सासूबाई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'कशाला तंगड्या मोडतेस उन्हातान्हात? काय इचारायचं ते मला इचार ना.'

रागाने नुसती फुलले होते मी. मग पर्स खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसले, मूठभर कोलंबी पुढे ओढली आणि म्हटलं, 'आई, शेपूट केवढी असते हो त्याला?'